भाईंची धक्क्यावरची बाई

गणपतीच्या शाळेत काम करणाऱ्यांचे हात मातीत असतात, त्यामुळे तोंड मोकळं असतं. हात मोकळे असते तर आम्हीही मोबाइल बघत बसलो असतो आणि एवढे किस्से जमलेच नसते! एकाचा सांगून होतो न होतो तोच दुसरा "थांब, त्याचं खरं काय झालं ते मी सांगतो" म्हणून सुरू होतो. चवथीपर्यंत मूर्ती होतात त्याच्या दुप्पट किस्से तयार! मूर्ती लोक डोक्यावर घेऊन जातात. किस्से कोणी नेत नाही, ते आमच्याकडेच राहतात.

ही शाळा पाटी-पेन्सिलवाली नव्हे हां. डिचोलीकडे, नार्व्याहून थोडं पुढं नदीकाठी आमचं घर आणि घराच्या पुढच्या पडवीत सासऱ्यांची गणपती करायची शाळा. सासऱ्यांना सगळा गाव भाई म्हणतो, म्हणून मीही भाईच म्हणते. मी पेडण्याची, तुयेची. लग्न होऊन आले तेव्हा आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, विचारलं, "जेवण करूक येता?" भाईंनी विचारलं, "सोनेरी रंग लावूक येता?" मी दोघांनाही "येता" म्हटलं. त्यातलं एक खरं होतं. कुठलं, ते आमच्याकडे जेवून गेलेल्यांना विचारा!

आता सांगते ते सगळे किस्से एकाच बाईचे आहेत. ती बाई आमच्या धक्क्यावर बसलेली असते.

* * *

घरापासून हाकेच्या अंतरावर होड्यांचा जुना धक्का. पूर्वी पलीकडच्या बाजाराला जाणारी माणसं इथं होडीची वाट बघत बसायची. मग पूल झाला, होड्या गेल्या, धक्क्यावर गाळ आणि झुडपं आली. वर्षातून एकदा, गणपती पोचवायला तेवढा गाव तिथं उतरायचा. एकदाची सरकारला जाग आली. गाळ काढला, चिऱ्यांच्या पायऱ्या नव्यानं बांधल्या, बाकं आली, दिवे आले. आणि मग खात्याच्या कोणाच्या तरी डोक्यात आलं, इथं एक कलाकृती पाहिजे!

पंचायतीत मीटिंग. खात्याचे इंजिनियर साहेब आणि पणजीहून आलेल्या डिझायनर मॅडम, दोघं पुढच्या कदेलांवर, म्हणजे खुर्च्यांवर. मॅडम चांगल्या होत्या, पायात चप्पल घालून गाळात उतरून आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "तुम्हाला इथं काय बघायला आवडेल?"

झालं! प्रत्येकाला आपला आजोबा बघायला आवडणार होता. पंचांना डॉल्फिन हवा होता. कोणीतरी म्हणालं, "आमच्या नदीत डॉल्फिन कधी आयलो?" पंच म्हणाले, "पुतळो बघून येतलो!"

तेवढ्यात मागून भाई उठले. घरात कोणाला काही सांगितलेलं नव्हतं. म्हणाले, "होडीची वाट बघणारी बाई करूया. मी करतंय."

मॅडमना आवडलं. त्यांनी वही काढली. "छान! काका, तुमचं याआधीचं काम कुठं बघायला मिळेल?"

भाईंनी खिडकीबाहेर नदीकडे बोट दाखवलं.

"थंय. सगळां थंयच आसा!"

लोक हसून हसून बाकांवरून पडायचे बाकी राहिले. भाई हसले नाहीत. घरी आल्यावर मी त्यांना चहा द्यायला गेले तर म्हणाले, "रेवती, गो, माणसां घर बांधतत, माड लावतत, मागे कायतरी ऱ्हवता. माझा सगळा पाण्यात. एक तरी मूर्ती मागे ऱ्हवाक व्हयी."

 सासऱ्यांना आयुष्यात काही कमी आहे असं मला तोवर वाटलंच नव्हतं. त्या दिवसापासून ही बाई आमच्या घरात सगळ्यांचीच झाली.

* * *

काम मिळालं, मॅडमनी कागद पाठवला, माती आली. भाई काही सुरू करेनात!

रोज सकाळी आंघोळ करून शाळेत यायचे, मातीकडे बघायचे आणि सोप्यावर जाऊन बसायचे. आठवडा झाला. शेवटी इंजिनियर साहेब स्कूटरवरून बघायला आले. "भाई, अडचण काय आहे?"

"पाट नाय."

आता आमच्याकडची रीत अशी की गणपती सांगायचा म्हणजे घरचा पाट आणून द्यायचा. पाटाखाली नाव लिहिलेलं असतं. पाट आला की मूर्ती त्या घरची, त्याच पाटावर घडते आणि त्याच पाटावरून घरी जाते. बिनपाटाची मूर्ती म्हणजे बिनघरची मूर्ती. भाईंचे हातच चालत नाहीत तिच्यावर.

साहेब म्हणाले, "पण हा पुतळा आहे."

"आसूं. कोणाचो तरी असतलो मां?"

"खात्याचा आहे."

"मग खात्यान पाट दिवचो."

साहेब बिचारे गेले. खात्यात पाट मागायचा कसा? कुठल्या हेडखाली? शेवटी ते आपल्या घरचाच पाट घेऊन आले, फणसाचा, चांगला जुना. भाईंनी तो डोक्याला लावला, उलटा करून खाली खडूनं साहेबांचं नाव लिहिलं आणि त्याच दिवशी दुपारी मातीला हात घातला.

इथवर ठीक होतं. पण शाळेत येणारं-जाणारं माणूस पाटाखाली वाकून बघतंच, कोणाचा गणपती म्हणून. बाई अजून कमरेपर्यंतसुद्धा झाली नव्हती आणि गावभर झालं, "खात्यातल्या त्या इंजिनियराच्या आजयेचो पुतळो बसवतत! सरकारी पैशांनी!"

पंच चिडून थेट साहेबांच्या केबिनमध्ये. साहेब म्हणाले, "अहो, माझी आजी जिवंत आहे! आणि ती रोज विचारते, माझो पाट खंय?"

* * *

भाईंनी जन्मात गणपतीशिवाय काही केलेलं नाही. हे आम्हाला माहीत होतं, पण त्याचा अर्थ काय ते बाई व्हायला लागल्यावर कळलं.

पहिली गोष्ट, बाई बसलेली. उभी करायचा प्रश्नच नाही, भाईंची कुठलीच मूर्ती कधी उभी राहिलेली नाही. चला, होडीची वाट बघणारी माणसं बसतातच. कपड्याच्या बोचक्यावर बसवली. दुसरी गोष्ट, पोट. अहो, वाढलंच! आई म्हणाल्या, "ही होडीची वाट बघता की सुइणीची?" भाईंनी मुकाट्यानं पोट कमी केलं.

मग कान. कान मोठे झाले होते, ते मीच सांगितलं. भाई म्हणाले, "ऐकाक येवक नको? होडयेचो आवाज लांबसून येता."

आणि मग मॅडम आल्या प्रगती बघायला. ओलं फडकं काढलं. बाई बोचक्यावर बसलेली, एक हात मांडीवर आणि उजवा हात वर. पंजा पुढं, बोटं मिटलेली, आशीर्वाद देताना असतो तसा.

मॅडम बाईभोवती एक फेरी मारून आल्या. त्यांना वाईट बोलायचं नव्हतं. हळूच म्हणाल्या, "काका, हात छान झालाय. पण ती हात वर करून काय करते आहे?"

आम्ही सगळे जमिनीकडे बघायला लागलो. भाईंनी एकदा हाताकडे बघितलं, एकदा मॅडमकडे.

"होडी थांबयता!"

* * *

हात तसाच राहिला असता. पण मध्येच कपाळाचं भांडण उभं राहिलं.

एके दिवशी दुपारी पंचांच्या बायको आल्या. बाईचं तोंड नुकतंच आकाराला आलं होतं. त्या म्हणाल्या, "भाई, कपाळाक कुंकू खंय? वाईट दिसता. नाकात नथय नाय. आमच्या बायल माणसाक अशी कित्याक बसयता?"

ही बातमी पाव द्यायला येणाऱ्या रोझिनबायला लागली. रोझिनबायचं घराणं पोदेरांचं, म्हणजे पाव भाजणाऱ्यांचं, तिच्या भट्टीचे गोल उंडे आमच्या घरी तीन पिढ्या येतात. ती टोपली बाजूला ठेवून शाळेतच बसली. "कुंकू कशाक? म्हजी मांय ह्याच धक्क्यार बसताली. रोज पाव घेवन वताली. कुंकू लायल्यार ती म्हजी मांय कशी?"

"पण गावची बाई आसा ती!"

"म्हजी मांय कितें गांवची न्ही?"

दोघी एकमेकींच्या शाळेतल्या मैत्रिणी! पण त्या दिवशी एकमेकींकडे बघायला तयार नाहीत. एकीनं कुंकवाचा करंडाच आणला होता. दुसरी बाईच्या गळ्यात क्रूस घाला असं म्हणत नव्हती, फक्त कपाळ रिकामं ठेवा म्हणत होती. पण रिकामं कपाळ पहिलीला विधवेचं वाटत होतं. आईंनी दोघींना सोलकढी दिली. कोणी प्यायली नाही.

मला खरंच काळजी वाटायला लागली. एका पुतळ्यावरून गावात बोलणं बंद झालं तर भाईंना तो पुतळा कधी बघवणार नाही. ते तर मातीत हात घालून उभे होते.

मग त्यांनी तो वर केलेला उजवा हात कोपरापासून कापला. चर्र झालं आम्हाला! कापलेला हात पाण्याचं बोट लावून वळवला, मागे घेतला आणि बाईच्या कपाळावर आडवा बसवला. ऊन लागू नये म्हणून आपण धरतो तसा, लांब नदीच्या वळणाकडे बघताना.

कपाळ झाकलं गेलं. अख्खंच्या अख्खं!

भाई म्हणाले, "हाताखाली काय आसा तां तिचां तिका माहीत."

रोझिनबायनं सोलकढीचा पेला उचलला. पंचांच्या बायकोनं पण उचलला. आणि जाताना दोघी एकत्रच गेल्या, बाईचे कान जरा मोठे आहेत यावर दोघींचं एकमत होतं.

* * *

माझा भाऊ बाबल तुयेच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत फायबरच्या होड्या करणाऱ्या कारखान्यात आहे. मातीच्या बाईवरून साचा काढायचा आणि फायबरची बाई ओतायची, हे काम मॅडमनी त्यांच्या कारखान्याला दिलं. मी मधे काही बोलले नव्हते हां! थोडंसं बोलले होते.

बाबल बाईला बघायला आला. बाबलला कमी बोलता येत नाही. म्हणाला, "भाई, तुम्ही फक्त माती पुरी करा. एकदा फायबर झाली की पन्नास वर्सां ऊन नाय, पाऊस नाय, खारा पाणी नाय. केस इकडचो तिकडे होवचो नाय!"

त्याला वाटलं भाई खूश होतील. भाईंचा चेहरा पडला.

बाबल गेल्यावर मला म्हणाले, "पन्नास वर्सां? म्हणजे हां डावां नाक पन्नास वर्सां असांच दिसतला?"

"डावं नाक म्हणजे? नाक एकच असतं ना, भाई?"

"डावी बाजू गो! जरा बसकी आसा."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अहो, आमच्या गणपतीचं काही चुकलं तर किती दिवस दिसणार? दीड दिवस, पाच दिवस, फार तर अकरा! चूक मूर्तीबरोबर विरघळते आणि पुढच्या वर्षी नवीन माती. भाईंना मागे काही राहायला हवं होतं, आणि आता त्यांना कळलं होतं की मागे राहायचं म्हणजे नाकासकट राहायचं.

त्यात उद्घाटनाला मंत्र्यांची तारीख मिळेना! उद्घाटन पुढं ढकललं की बाबलचा साचा पुढं, साचा पुढं की भाईंना आणखी दिवस मिळाले. चवथ काही कोणी पुढं ढकलत नाही. ती आली की मूर्ती झाली, जशी असेल तशी झाली. भाईंना "झालं" म्हणायची सवयच नव्हती, ते आजवर पंचांगानंच म्हटलं होतं. आता ते रोज फडकं काढत होते आणि नाक करत होते. डावी बाजू उचलली की उजवी बसकी वाटायची. उजवी उचलली की नाक लांब वाटायचं. एकदा तर मी सकाळी बघितलं तर बाईला नाकच नव्हतं! मी घाबरून ओरडले, तर भाई शांतपणे म्हणाले, "दुपारी लावतंय."

बाबलचे फोनवर फोन. मॅडमचे फोन. मी, माझा नवरा संदेश, सगळ्यांनी सांगून बघितलं. भाई म्हणायचे, "फक्त नाक ऱ्हवलां."

शेवटी आई शाळेत आल्या. आई सहसा तिथं लक्ष घालत नाहीत. पदराला हात पुसत बाईसमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "नाक बरा आसा की वाईट, तां डोळ्यांशिवाय कसां कळतलां? आधी डोळे करा. मगे नाकाचा काय तां बघा."

भाईंना पटलं. खरंच पटलं! ते बसले आणि डोळे कोरले. संध्याकाळपर्यंत बाई नदीकडे बघायला लागली.  एवढे गणपती बघितलेत मी, पण वाट बघणारे डोळे पहिल्यांदाच बघितले.

भाई जरा मागे सरकले, बघितलं आणि नेहमीप्रमाणे नाकासाठी कोरणी उचलली.

आई दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "डोळे उघडले तिचे. आता जितेजागते बायलेच्या नाकाक लोखंड लावतलात?"

भाईंच्या शाळेत डोळे उघडले की मूर्तीला हत्यार लागत नाही. त्यांच्या वडिलांपासूनचा नेम आहे तो. भाईंचा हात हवेतच राहिला. त्यांनी आईंकडे बघितलं. आई स्वयंपाकघरात निघून गेल्या.

मी बाबलला फोन लावला. "ये रे, झाली!"

* * *

फायबरची बाई तुयेहून टेंपोतून आली. बसलेलीच असल्यामुळे मागे हौद्यात तशीच बसवून दोरीनं बांधली होती, कपाळावर हात. रंगही झाला होता. जुनं निळं लुगडं, हिरवी चोळी.

वाटेत एका बसस्टॉपवर एक म्हातारी उभी होती. बस चुकलेली. तिनं टेंपो थांबवला. बाबलला म्हणाली, "त्या बायेक घेतलंस तशी माकाय घे. मागे बसतंय मी."

आणि चढली! बाबल सांगतो, आरशात बघितलं तर म्हातारी सगळी वाट बोलत होती. सुनेचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं. उतरताना तिनं बाबलला हाक मारली.

"तुझी कोण ती?"

बाबल म्हणाला, "आमच्या ताईच्या सासऱ्यांची."

"बरी आसा. सगळां ऐकान घेतलां. आजकाल कोण घेता?"

* * *

आता उद्घाटनाचं सांगते आणि मग मला माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळा-पानांचं, सामान आणायला जायचं आहे.

बाईची जागा मॅडमनी मोठा विचार करून काढली होती. पायऱ्या संपतात तिथून जरा पुढं, पाण्यातच एक चौथरा बांधला होता. भरती आली की पाणी बाईच्या पावलांना लागणार, ओहोटीला पाय कोरडे. कल्पना छान, पण तिथवर बाईला न्यायचं कसं? क्रेन पायऱ्यांवर येईना. मग संदेश म्हणाला, "सांगडीवरून नेऊया." दोन होड्या एकमेकींना बांधून वर फळ्या टाकतात ती सांगड. गावचा मोठा गणपती दर वर्षी तिच्यावरूनच नदीत जातो. सांगड गावातच होती, ती वल्हवणारी माणसं गावातली, आणि मूर्ती उचलणारी टोळीही तीच, संदेश धरून. सगळं कसं सोयीचं!

मंत्री आले. पंच भगवा फेटा बांधून. पंचांनी घुमटवाले, म्हणजे मडक्यासारखं ते मातीचं वाद्य वाजवणारे, बोलावले होते. आमच्याकडे घुमटावर आरत्याच म्हणतात, दुसरं त्यांना काही येत नाही, त्यांनी आरती धरली. मॅडम खूश होऊन व्हिडिओ काढत होत्या. नारळ फुटला, अगरबत्ती लागली. भरती चढत होती. अख्खा गाव पायऱ्यांवर, रोझिनबाय पुढच्या पायरीवर.

मी पायरीवर उभी होते. माझ्या डावीकडे आई आणि उजवीकडे भाई, नवीन पांढरा शर्ट घालून. सकाळपासून त्यांच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. मला हळूच म्हणाले, "रेवती, आज पहिलेच खेपेक माझी मूर्ती पाण्याच्या वर ऱ्हवतली."  मी म्हटलं, "हो भाई, आता कोण हलवतंय तिला!"

सांगड मधोमध आली. टोळी कंबरभर पाण्यात उतरली. संदेश पुढं, बाकीचे भोवती. बाईला अलगद उचललं. बाई फायबरची, आतून पोकळ. बसवल्यावर पायाशी काँक्रीट भरायचं होतं, त्यामुळे अंगानं हलकीच. टोळीनं तिला हळूहळू फिरवलं, सवयीप्रमाणे तोंड गावाकडे केलं. घुमट टिपेला पोचलं. आरती संपली.

आणि माझ्या उजव्या कानात, अगदी कानाशी, खणखणीत आरोळी उठली.

"गणपती बाप्पाऽऽ!"

"मोरया!" अख्खा धक्का ओरडला. मीसुद्धा!

"पुढच्या वर्षीऽऽ!"

"लवकर या!"

आणि टोळीनं बाईला पाण्यात बुडवलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा बुडवलं आणि सोडून दिलं!

बाई गेली. पाण्यावर नुसती वर्तुळं.

संदेश पाण्यात उभा राहून स्वतःच्या रिकाम्या हातांकडे बघत होता. घुमटवाल्यांचे हात घुमटावरच थांबले. इंजिनियर साहेब पायरीवर खाली बसले. मंत्र्यांना काय झालं ते कळलंच नव्हतं, ते टाळ्या वाजवत होते! आणि भाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. त्यांच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही. आयुष्यभर ज्या पाण्यात सगळं सोडलं, त्याच पाण्यात हीसुद्धा. मला रडू फुटलं. मला कोणाकोणावर ओरडावं असं झालं होतं, पण ओरडणार कोणावर?

तेवढ्यात रोझिनबाय किंचाळली. "आयली! आयली!"

पाण्यातून आधी हाताचं कोपर वर आलं. मग कपाळावरचा हात, मग ते दोन डोळे, मग नाक, आणि मग खांद्यापर्यंत बाई वर! तोंडावरून पाणी ओघळतंय, हात कपाळावर, आणि थेट गावाकडे बघते आहे. बाबल माझ्या मागून म्हणाला, "आमच्या कारखान्याचो माल बुडना नाय गो, ताई!"

कोणी हसलं नाही. पायऱ्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांनी हात जोडले. भाई दोन पायऱ्या खाली उतरले, नवीन शर्टानिशी गुडघाभर पाण्यात.

"इतकी वर्सां सोडतंय," ते म्हणाले, "एकय कधी परत येवक नाय." आणि मग जे ओरडले ते सगळ्या नदीला ऐकू गेलं. "धरा रे तिका! व्हावतली! माझी ती!"

भरतीच्या पाण्याबरोबर बाई वळणाकडे निघाली होती. संदेश आणि टोळी पोहत तिच्या मागे. सांगड वळवली, बाईला गाठलं, परत आणलं, चौथऱ्यावर बसवलं आणि या वेळी खाली उतरवेपर्यंत धक्क्यावर कोणी श्वाससुद्धा मोठ्यानं घेतला नाही. बोल्ट आवळले. ओहोटी लागल्यावर पायाशी काँक्रीट भरलं. आता ती तिथंच आहे. भाई सकाळी तोंड धुतलं की आधी तिला बघून येतात. नाकाबद्दल अजून काही बोललेले नाहीत.

पण एक प्रश्न त्यांच्या डोक्यातून जात नाही. आरोळी मारली कोणी?

पंचांना विचारलं. पंच म्हणाले, "माका माहीत नाय, मी मंत्र्याकडे बघी होतंय." पंचांच्या अगदी मागं भाई उभे होते. टोळीला विचारलं. टोळी म्हणाली, कानात पाणी गेलं होतं. रोझिनबायनं गळ्यातल्या क्रुसाला हात लावून सांगितलं की तिनं काही ऐकलंच नाही. तिनं खोटं बोललेलं मी पहिल्यांदा बघितलं. आई म्हणतात, "माका हल्ली ऐकाक कमी येता." मॅडमच्या व्हिडिओत आवाज आला असणार, पण मॅडम फोनवर म्हणाल्या की तो नेमका डिलीट झाला.

परवा शाळेत माती मळताना भाईंनी मला गाठलंच.

"रेवती, तू माझ्या बाजूकच होतंस. खरां सांग. आवाज खंयसून इलो?"

मी माती मळत राहिले. माझा उजवा कान त्या दिवसापासून जरा दडलेलाच आहे.

"डावीकडून, भाई."

भाईंनी मातीचा गोळा उचलला. मग मान हलवली.

"माकापण तसाच वाटला."